१ जानेवारी १८१८: कोरेगावात लढाई, लंडनात कादंबरी

बोरूबहाद्दर (धागाकर्ता)

मंडळी, १८१८ म्हटलं की पुढचं वाक्य आपल्याला पाठ असतं: पेशवाई बुडाली. शाळेत रिकाम्या जागा भरताना लिहिलं, स्पर्धा परीक्षेत लिहिलं, आता मुलांकडून घोकून घेतोय. त्या सालात दुसरं काही घडलं असेल असं कधी मनातही आलं नव्हतं.

गेल्या रविवारी अप्पा बळवंत चौकाजवळच्या पदपथावर साठ रुपयांत 'फ्रँकेनस्टाइन' मिळालं. कोपरे कुरतडलेले, आतल्या पानावर कुणीतरी पेन्सिलीने धोब्याचा हिशेब लिहिलेला. मलपृष्ठावर होतं, प्रथम प्रकाशन १ जानेवारी १८१८. पीएमटीच्या बसमध्ये (हो, मी अजून पीएमटीच म्हणतो) उभ्या उभ्या ते वाचलं आणि थबकलो. हा तर कोरेगावच्या लढाईचा दिवस! भीमेकाठी कॅप्टन स्टाँटनची तुकडी आणि पेशव्यांची फौज दिवसभर झुंजत होती, त्याच दिवशी लंडनमध्ये एका वीस वर्षांच्या मुलीची पहिली कादंबरी बाजारात येत होती.

घरी येऊन वहीत दोन रकाने आखले. डावीकडे आपलं १८१८, उजवीकडे त्यांचं. आठवडाभर तोच नाद लागलाय, म्हणून हा धागा.

उजव्या रकान्यातली पहिली नोंद अर्थात मेरी शेलीची. तीन भाग, जेमतेम ५०० प्रती, आणि लेखिकेचं नाव कुठेच नाही. जॉन मरेसारख्या बड्या प्रकाशकाने हस्तलिखित परत पाठवलेलं. अर्पणपत्रिका विल्यम गॉडविनला, म्हणजे तिच्या वडिलांना. पण वाचणाऱ्याला ते कुठून कळणार? प्रस्तावना नवऱ्याने, पर्सी शेलीने लिहिली, तीही जणू लेखक बोलतोय अशी. मार्चमध्ये 'ब्लॅकवुड्स' मासिकात खुद्द नामवंत स्कॉटिश लेखक वॉल्टर स्कॉटने या पुस्तकाचं कौतुक केलं आणि श्रेय दिलं पर्सीला! शेवटी १४ जूनला मेरीने इटलीतून स्कॉटला पत्र लिहून कळवलं की पुस्तक माझं आहे. इकडे पेशवा बाजीराव कंपनीच्या जॉन माल्कमच्या स्वाधीन झाला ३ जूनला. अकरा दिवसांचं अंतर. इथे एक जण आपलं नाव, गादी सगळं सोडून ब्रह्मावर्ताची (बिठूरची) वाट धरणार, तिथे एक जण म्हणतेय, अहो, ते नाव माझं आहे.

दुसरी नोंद ११ जानेवारीची. 'एक्झामिनर' साप्ताहिकात चौदा ओळींची एक कविता आली, कवीचं नाव छापलं होतं 'ग्लिरास्टिस'. हे पर्सी शेलीचं टोपणनाव, आणि कविता 'ऑझिमँडियस'. वाळवंटात दोन दगडी पाय, शेजारी फुटलेला चेहरा आणि चौथऱ्यावर राजाधिराजाची बढाई. ऑझिमँडियस म्हणजे इजिप्तचा दुसरा रामसेस. गंमत अशी की ज्या पुतळ्याशी ही कविता हमखास जोडली जाते, तो बेल्झोनी नावाच्या इटालियन संशोधकाने इजिप्तातून हलवलेला रामसेसचा प्रचंड अर्धपुतळा, लंडनला पोचला कविता छापून झाल्यावर. म्हणजे शेलीने ऐकीव आणि वाचीव माहितीवरच लिहिलं.

ही कविता खरं तर पैजेतली. होरेस स्मिथ नावाचा मित्र होता, शेअरबाजारातला माणूस. दोघांनी एकाच विषयावर लिहायचं ठरवलं. स्मिथची कविता १ फेब्रुवारीला त्याच साप्ताहिकात आली. कविता म्हणून डावी आहे, पण तिच्यात शेलीला न सुचलेली गोष्ट आहे: पुढे कधीतरी लंडन ओसाड होईल, तिथल्या रानात लांडग्यामागे लागलेल्या शिकाऱ्याला मोठा दगडी तुकडा सापडेल आणि तो विचारात पडेल की इथे कोण राहत होतं. साम्राज्य ऐन भरात असताना, राजधानीतच, एक शेअर दलाल हे छापतो! शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढून तेव्हा अडीच महिने झाले होते.

तिसरी नोंद मला सगळ्यात चटका लावून गेली. १७०७ साली स्कॉटलंड इंग्लंडमध्ये विलीन झालं, तेव्हा त्यांचा मुकुट, राजदंड आणि तलवार एडिंबरोच्या किल्ल्यात पेटीत बंद करून ठेवली. शंभर वर्षांत लोकांना खात्री वाटायला लागली की इंग्रजांनी सगळं केव्हाच पळवलंय. स्कॉटने खटपट करून परवानगी मिळवली. ४ फेब्रुवारी १८१८ ला पेटी फोडली, तर आत सगळं जिथल्या तिथे, कापडात गुंडाळलेलं. दुसऱ्या दिवशी मंडळी बायकापोरांसह बघायला गेली. कुणीतरी थट्टेत तो मुकुट तिथल्या एका मुलीच्या डोक्यावर ठेवायला निघाला, तर स्कॉट ओरडलाच. मुकुट निमूट खाली ठेवला गेला. पुढे त्याचा जावई झालेल्या लॉकहार्टने हा प्रसंग लिहून ठेवलाय.

आता डावा रकाना. ४ फेब्रुवारीनंतर सहा दिवसांनी, १० तारखेला साताऱ्याचा किल्ला पडला. २० ला अष्टीला बापू गोखले पडले आणि छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती आले. १० मे रोजी रायगड, तोही जळताना.

मी काही सिद्ध करू बघत नाहीये. रकाने शेजारी ठेवले इतकंच. भर घाला, चुका काढा.

कोथिंबीरवडी

वाखूसा (वाचनखूण साठवली). पीएमटीला +१.

अटकेपार

लेख छान जमलाय, पण बोरूभाऊ, हे सगळं योगायोगाचं कौतुक नाही का? त्याच १ जानेवारीला कुणाच्या तरी गोठ्यात गाय व्यायली असेल, कुणाकडे बारसं असेल. जगात एका दिवशी हजार गोष्टी होतात, त्यातल्या दोन उचलून शेजारी ठेवल्या की काहीतरी गूढ असल्याचा भास होतो. कोरेगावच्या माणसाला लंडनचं पुस्तक माहीत नाही आणि मेरीबाईंना भीमा नदी. संबंध काय?

मोडीवाचक

@अटकेपार, संबंध नाही कसा? पुस्तकांचाच संबंध आहे. ५ नोव्हेंबर १८१७, खडकीची लढाई. कंपनीचा पुण्यातला रेसिडेंट एल्फिन्स्टन संगमावरची रेसिडेन्सी सोडून नदीपलीकडे छावणीत गेला आणि मागे पेशव्यांच्या लोकांनी रेसिडेन्सी पेटवली. त्यात त्याची सगळी ग्रंथसंपदा गेली, रोजनिशीची कागदपत्रं गेली. हा माणूस साधा वाचणारा नव्हता, छावणीत ग्रीक आणि फारसी काव्य वाचत बसायचा. पुण्यात तेव्हा युरोपीय पुस्तकांचा इतका मोठा साठा दुसरीकडे असेल असं मला वाटत नाही. म्हणजे १८१८ च्या दोन महिने आधी मुळा-मुठेच्या संगमावर एक इंग्रजी ग्रंथालय जळत होतं. आणि सहा महिन्यांनी रायगडावर इंग्रजांच्या तोफांनी लागलेल्या आगीत आपली दप्तरं. हेही तुमच्या रकान्यांत घाला.

शिवाय माल्कम. ज्याच्यापुढे बाजीराव शरण आला तो जॉन माल्कम स्कॉटलंडच्या सीमाभागातला, वॉल्टर स्कॉटचा स्नेही. तेव्हा दोन रकान्यांच्या मधली रेघ तुम्ही समजता तेवढी जाड नाही.

बोरूबहाद्दर

@मोडीवाचक, दंडवत! रेसिडेन्सी जळाली हे माहीत होतं, पुस्तकांचं डोक्यातच आलं नाही.

@अटकेपार, गाय व्यायल्याची नोंद सापडली तर तीही घालतो. 😀 पण एक मुद्दा मलाही मांडायचाय. १८१८ मध्ये चार्ल्स लँबचे संकलित ग्रंथ दोन भागांत निघाले. आता हा लँब पोटापाण्याला काय करायचा? लेडनहॉल स्ट्रीटवरच्या ईस्ट इंडिया हाऊसमध्ये कारकून. १७९२ ला चिकटला तो १८२५ ला निवृत्त झाला. चहा, नीळ आणि कापड यांच्या लिलावाचे हिशेब. तो स्वतःच पुढे गमतीने म्हणायचा की माझे खरे ग्रंथ लेडनहॉल स्ट्रीटच्या फळ्यांवर आहेत. म्हणजे कोरेगावात जी कंपनी लढत होती तिचाच पगार त्या दोन भागांच्या मागे आहे.

आणखी पुढे. नोव्हेंबर १८१८ मध्ये शेलीचा मित्र टॉमस लव्ह पीकॉक याची 'नाइटमेअर ॲबी' आली. छोटेखानी, भलती खट्याळ कादंबरी. तिच्यात शेली, बायरन, कोलरिज या सगळ्यांची नाव बदलून टिंगल केलीय. शेलीवर बेतलेल्या नायकाच्या ग्रंथाच्या खपलेल्या प्रती किती? सात! (शेलीने राग धरला नाही, उलट त्याला ती आवडली.) हा पीकॉक पुढच्याच वर्षी, १८१९ ला, कंपनीच्या नोकरीत लागला आणि थेट वरच्या खुर्चीपर्यंत चढला. त्याच वर्षी जेम्स मिलही तिथेच रुजू झाला. मिलचा हिंदुस्थानच्या इतिहासाचा तीन खंडी ग्रंथ नुकताच निघाला होता, मुखपृष्ठावर साल १८१७. हा माणूस इथे कधी आला नाही, इथली एक भाषा त्याला येत नव्हती, आणि प्रस्तावनेत म्हणतो की त्यामुळे काही अडत नाही. पुढे कंपनीचे नवे अधिकारी हा ग्रंथ वाचून बोटीत बसायचे.

तेव्हा दोन रकान्यांत धागा आहे. तो फक्त हिशेबाच्या वह्यांमधून जातो.

अटकेपार

लँबचं मान्य. मिलचं तर फारच मान्य. बाकी योगायोग तो योगायोगच.

वाचनवेडी_वैदर्भी

काय हे बोरूदादा, १८१८ वर धागा आणि जेन ऑस्टेनचं नाव नाही? नागपुरातून निषेध. (आमच्या रकान्यात सीताबर्डीची लढाई राहिली, २६-२७ नोव्हेंबर १८१७. पुण्याच्या लोकांना पुण्याबाहेर पेशवाईसुद्धा दिसत नाही, तर भोसले कुठून दिसणार.)

'नॉर्दँगर ॲबी' आणि 'पर्सुएशन' या दोन कादंबऱ्या एकत्र चार भागांत आल्या. प्रत्यक्ष विक्रीला डिसेंबर १८१७ च्या अखेरीस, पण मुखपृष्ठावर साल १८१८. जेन जुलैमध्येच विंचेस्टरला गेलेली. वय ४१. हयातीत तिच्या एकाही पुस्तकावर तिचं नाव नव्हतं, पहिल्यावर 'एका बाईने लिहिलेलं' एवढंच. या जोडीला भाऊ हेन्रीने चरित्रपर टिपण जोडलं आणि तिथे वाचकांना पहिल्यांदा नाव कळलं. तुमच्या मेरीने निदान पत्र तरी लिहिलं, हिला तेही शक्य नव्हतं.

त्यात 'नॉर्दँगर'ची कथा तर ऐकाच. १८०३ साली एका प्रकाशकाने हस्तलिखित दहा पौंडांना घेतलं आणि फडताळात टाकून दिलं. छापतही नाही, परतही करत नाही. वर दटावणी की दुसरीकडे छापलंत तर याद राखा, हवं तर पैसे भरून घेऊन जा. तेरा वर्षांनी हेन्रीने दहा पौंड मोजून ते सोडवलं आणि व्यवहार झाल्यावर सांगितलं म्हणतात, की ही बाई म्हणजे 'प्राइड अँड प्रेज्युडिस'वाली. त्या प्रकाशकाचं तोंड बघायला मला आवडलं असतं.

तुम्हाला हिंदुस्थानचा धागा हवाच असेल तर घ्या: या हेन्रीची पहिली बायको एलायझा. ती जेनची आतेबहीण, १७६१ साली कलकत्त्यात जन्मलेली, आणि तिचा धर्मपिता वॉरन हेस्टिंग्ज.

आणि हो, ३० जुलै १८१८ ला एमिली ब्राँटी जन्मली. एक गेली, सहा महिन्यांत तिच्या नावाचं टिपण निघालं, वर्षभराने दुसरी आली.

बोरूबहाद्दर

ताई, चूक कबूल. सीताबर्डीसह. तुम्ही लिहिलंत तसं मला जमलं नसतं.

हिशेबनीस

धागाकर्त्याने ५०० प्रती म्हटल्या त्यावरून थोडे आकडे. ऑस्टेनच्या त्या जोडीच्या १७५० प्रती काढल्या होत्या. आणि स्कॉटची 'रॉब रॉय', जी १८१७ च्या अगदी शेवटच्या दिवसांत आली, तिची पहिली आवृत्ती १०,००० ची, ती पंधरवड्यात संपली. त्याच्यावरही लेखकाचं नाव नाही! 'वेव्हर्लीचे कर्ते' एवढंच. मेरीने लपवलं, जेनने लपवलं, स्कॉटनेही लपवलं, पण स्कॉट लपवून श्रीमंत झाला.

रशियात त्याच साली करामझिनच्या रशियाच्या इतिहासाचे पहिले आठ खंड आले. ३००० संच महिन्याभरात खपले. इतिहास! आठ खंड! आपल्याकडे पुस्तक प्रदर्शनात लोक वडापाव खाऊन घरी जातात.

काढाचूर्ण

मी औषधांच्या दुकानात बसतो, म्हणून माझा रकाना कीट्सचा. तो आमच्याच व्यवसायातला. लंडनच्या गाय्ज रुग्णालयात शिकला, १८१६ ला औषधं देण्याचा परवाना मिळाला आणि मग सगळं सोडून कवितेच्या मागे लागला. त्याची 'एंडिमियन' ही लांबलचक कविता १८१८ च्या वसंतात आली. खरं सांगतो, मी दोनदा सुरू केली, दोनदा सोडली. कथा सारखी भरकटते. पण पहिली ओळ जगभर भेटकार्डांवर छापली जाते, हे कवीचं नशीब म्हणायचं की दुर्दैव, माहीत नाही.

ऑगस्टमध्ये 'ब्लॅकवुड्स'ने त्याला सोलून काढलं. ज्या मासिकात मार्चमध्ये स्कॉटने मेरीची पाठ थोपटली तेच मासिक. 'झेड' या सहीने लिहिणाऱ्याने सल्ला दिला की उपाशी कवीपेक्षा उपाशी औषधवाला बरा, परत जा आपल्या मलमपट्ट्या आणि गोळ्यांकडे. हा 'झेड' म्हणजे वर मुकुटाच्या गोष्टीत आलेला लॉकहार्टच! मग 'क्वार्टर्ली'नेही झोडपलं, आणि त्या टीकाकाराने तर लिहूनच टाकलं की पहिल्या सर्गापलीकडे मी वाचलेलं नाही.

पुढे दंतकथा पसरली की टीकेने कीट्स मेला. साफ खोटं. त्याचा धाकटा भाऊ टॉम क्षयाने आजारी होता. कीट्स स्कॉटलंडच्या पायी प्रवासातून घसा बिघडवून परतला आणि सगळा पावसाळी शरद टॉमच्या उशाशी काढला. बंद खोली, खोकला, रक्त. १ डिसेंबर १८१८ ला टॉम गेला, वय १९. त्या काळी क्षय पसरतो कसा हे कुणाला ठाऊक नव्हतं. कॉखला जंतू सापडायला १८८२ उजाडलं. कीट्स १८२१ मध्ये रोमला वारला, तो क्षयानेच. टीकाकाराला फुकट श्रेय देऊ नका.

कोथिंबीरवडी

@काढाचूर्ण, तुम्ही वर्षातून एकदाच लिहिता पण काय लिहिता राव.

संपादक मंडळ

कोरेगावच्या लढाईचे दोन प्रतिसाद इथून उडवले आहेत. त्या विषयावर स्वतंत्र धागे आहेत, तिथे जरूर लिहा. इथे पुस्तकं.

नवीनच_आहे

सगळं वाचलं, मजा आली. पण माझा भाबडा प्रश्न: १८१८ मध्ये मराठीत काय लिहिलं जात होतं? की काहीच नाही?

मोडीवाचक

काहीच नाही कसं? फक्त छापलं जात नव्हतं, फार तर म्हणा जवळजवळ नाही. लावण्या आणि पोवाडे फडावर होते. रामजोशी आधीच गेले होते, पण होनाजी बाळा, प्रभाकर होते. संगमनेरचे अनंत फंदी तर १८१९ मध्ये गेले, म्हणजे त्यांनी उभी उत्तर पेशवाई पाहिली आणि शेवटही. प्रभाकराने बाजीरावाच्या पडत्या काळावर रचना केल्या. हे सगळं डफ-तुणतुण्यावर आणि पाठांतरात. कुणी उतरवून घेतलं तर बाडात, मोडीत. बखरीही होत्या. कृष्णाजी विनायक सोहोनी यांनी पेशव्यांची बखर लिहिली ती गादी गेल्यावरच. घर मोडल्यावर यादी करावी तशी.

छपाई मात्र दूर. मराठीचं व्याकरण विल्यम केरीने छापलं ते १८०५ मध्ये, बंगालात, श्रीरामपूरला. मदतीला पंडित वैजनाथ. मोडीचे खिळेही तिथेच पाडले गेले. मुंबईत अमेरिकन मिशनने मराठीत छापायला सुरुवात केली १८१७ च्या सुमाराला, तीही धर्मपुस्तकं. २३ मे १८१८ ला श्रीरामपुरातून 'समाचार दर्पण' हे बंगाली साप्ताहिक निघालं. आपलं 'दर्पण' यायला ६ जानेवारी १८३२ उजाडलं. १८१८ मध्ये बाळशास्त्री कोकणात लहान पोर होते.

थोडक्यात, त्या वर्षी मेरी शेलीचं नाव छापायचं राहिलं, आणि प्रभाकराचं नाव पदाच्या शेवटच्या कडव्यात ऐकणाऱ्याच्या कानावर पडत होतं. छापखाना नव्हता, पण कवी अनामिक नव्हता.

मांडवीकाठ

मोडीवाचकबाब, गोंयचें विसरूं नाकात. हिंदुस्थानातला पहिला छापखाना आमच्याकडे, १५५६ ला. 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राशोलला छापलं, मराठीत, रोमी लिपीत. आणि मग पोर्तुगीज सरकारने छपाईच बंद पाडली. १८१८ मध्ये गोव्यात एकही छापखाना चालू नव्हता, १८२१ मध्ये परत सुरू झाला. अडीचशे वर्षं आधी सुरुवात करून आम्हीही तुमच्याच रांगेत उभे.

नवीनच_आहे

धन्यवाद मोडीवाचककाका आणि मांडवीकाठ. आता 'फ्रँकेनस्टाइन' मागवतेय. कोणतीही प्रत चालेल ना?

वाचनवेडी_वैदर्भी

थांब गं, कोणतीही नको. १८३१ मध्ये मेरीने बरंच बदलून नवी आवृत्ती काढली आणि बाजारात बहुतेक वेळा तीच मिळते. १८१८ च्या मूळ पाठात नायकाची एलिझाबेथ ही त्याची सख्खी आतेबहीण असते, १८३१ मध्ये ती इटलीत सापडलेली अनाथ मुलगी होते. १८१८ चा नायक स्वतःच्या पायाने खड्ड्यात जातो, १८३१ चा सारखा दैवाला बोल लावतो. मला आधीचा आवडतो. रडगाणं कमी.

ओळखायची सोपी खूण सांगते. नायकाचा मित्र क्लेर्व्हल भाषा शिकतो ते पान काढ. १८१८ मध्ये तो फारसी, अरबी आणि हिब्रू शिकतो. १८३१ मध्ये हिब्रू जाऊन तिथे संस्कृत येतं. इतकंच नाही, पुढे तो हिंदुस्थानात जायचे बेत करतो, कशासाठी, तर तिथल्या भाषा येतात म्हणून वसाहत आणि व्यापाराला हातभार लावता येईल! मधल्या तेरा वर्षांत काय बदललं ते त्या एका शब्दात दिसतं. (मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोशही १८३१ चाच. घ्या, अटकेपार, आणखी एक गाय व्यायली.)

अटकेपार

😀 ही गाय मान्य.

मोडीवाचक

बोरूबहाद्दर, तुमच्या साठ रुपयेवाल्या प्रतीत काय आहे?

बोरूबहाद्दर

पान काढलं. सहावं प्रकरण.

संस्कृत.